लायब्ररीवाल्या आपांची नवी नोकरी

आपल्या घरांत नोकरी बदलणं ही काही मोठी बातमी नाही. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा. दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कुवेत, दुबई नाहीतर मस्कतला असतं आणि त्यानं आजवर दोन-तीन कंपन्या तरी बदललेल्या असतात. कफील बदलला, काम बंद पडलं, दुसरीकडे पगार बरा मिळाला, की माणूस हलतो. घरी फोन येतो, अम्मी शेजारीपाजारी मिठाई पाठवते. त्या मुलाला कुणी बेवफा म्हणत नाही.

मात्र आमच्या मोहल्ल्याच्या वाचनालयातल्या आपांना कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली, तेव्हा मिठाई दूरच राहिली. "एवढी वर्षं सांभाळलं, आता पाखरू उडालं," असं आम्ही तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. म्हणून हे चार शब्द लिहावेसे वाटले.

आम्ही म्हणजे इथल्या उर्दू शाळेतले पाच शिक्षक. आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक कपाट. त्यामुळे दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन आम्ही जमातीच्या वाचनालयात जातो. गेली चौदा वर्षं तिथं आपा बसत. मुलं त्यांना लायब्ररीवाल्या आपा म्हणत, आणि आम्ही वयानं मोठे असूनही आपाच म्हणत आलो.

पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, वहीत लिहायचं, यात काय एवढं, असं पुष्कळांना वाटतं. आम्हांला आपांचं काम जवळून पाहायला मिळालं. आमच्या वाचनालयात उर्दू आणि मराठी पुस्तकं एकाच खोलीत आहेत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. एकाच कपाटात ती कशीही लावली तर अर्धी पुस्तकं वाचकाच्या दृष्टीनं हरवल्यासारखीच असतात. आपांनी प्रत्येक पुस्तकावर ड्यूई पद्धतीचा वर्गांक घातला. इस्लामविषयक पुस्तकं २९७ खाली, मराठी साहित्य ८९१.४६ खाली, उर्दू साहित्य ८९१.४३९ खाली. सहावीतलं पोरही आकडा पाहून पुस्तक जागेवर ठेवू लागलं.

त्याहून मोठं काम दाखल रजिस्टरचं. जुन्या रजिस्टरात उर्दू पुस्तकांची नावं कुणी उर्दूत, कुणी मराठीत, कुणी ऐकीव उच्चारानं लिहिलेली होती. आपांनी सगळी नोंद पुन्हा केली आणि प्रत्येक उर्दू पुस्तकाचं नाव उर्दूत आणि देवनागरीत, दोन्ही लिप्यांत लिहिलं. लेखकांच्या नावांचाही घोळ मिटवला. प्रेमचंदांचं मूळ नाव धनपत राय, सुरुवातीला ते उर्दूत नवाब राय या नावानं लिहीत. एका नावाचं कार्ड काढलं की दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद तिथं सापडायची. आठवीच्या एका मुलीनं विचारलं होतं, "आपा, हे तिघं भाऊ का?" तेव्हापासून ती मुलगी प्रेमचंद वाचायला लागली. आता ती डी.एड. करते आहे.

या कामाचा पगार किती? महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे रक्कम ठरते. त्याच रकमेतून पुस्तकं घ्यायची, वर्तमानपत्रं आणायची, विजेचं बिल भरायचं आणि पगारही द्यायचा. इथल्या कर्मचाऱ्याला शाळेतल्या शिपायासारखी वेतनश्रेणी नसते. आपांनी सुरुवात केली तेव्हा महिन्याला बाराशे रुपये मिळत, शेवटी साडेसहा हजार. अनुदानाचा हप्ता लांबला की तेही लांबत. त्यांचे मियाँ आखातातून परत आले, तिथली कंपनी बंद झाली म्हणून. दोन मुलं शिकत होती. हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

आपांनी काय केलं? आधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, मग पदव्युत्तर पदवी. त्यानंतर सेट परीक्षेला बसल्या. दोनदा राहिल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. दुपारी वाचनालय बंद असायचं त्या वेळात त्या तिथंच अभ्यास करत. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपालाची मंजूर जागा निघाली. मुलाखत झाली आणि पत्र आलं. एका महिन्यात हजर व्हायचं होतं, सोबत अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र आणायचं होतं.

इथंच गाडी अडली. दाखला द्यायचा होता वाचनालयाच्या कमिटीनं. जुम्याच्या नमाजनंतर बैठक झाली, आम्हांलाही बोलावलं होतं. एक बुजुर्ग सदस्य, ज्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणतो, स्पष्टच बोलले. "दाखला दोन-तीन महिने थांबवा. तोवर तिकडची जागा भरेल आणि ही इथंच राहील. आपण शिकवलं, आपण घडवलं, आणि फायदा दुसऱ्यांनी का घ्यायचा?"

आमच्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "चाचा, माफ करा, पण तुमच्या थोरल्यानं दुबईत कितवी कंपनी धरली?"

"चौथी," चाचा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी. तो परक्यांच्या चाकरीत आहे. ही आपल्या घरची."

"घरची आहे म्हणून तर तिच्या मुलांच्या फीची काळजी आपल्याला हवी ना, चाचा?"

चाचा वाईट माणूस नाहीत. वाचनालयाची इमारत उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांना भीती होती ती आपांच्या जाण्याची नव्हती, वाचनालयाला कुलूप लागण्याची होती. ही भीती खोटी नाही. अनेक गावांत आपण पाहतो, एक माणूस गेला की चावी कुणाकडे आहे तेच कळत नाही, आणि पावसाळ्यात पुस्तकांना वाळवी लागते. पण त्या भीतीचा इलाज एका बाईचा कागद अडवून ठेवणं हा नव्हे, हे आम्ही त्या दिवशी सांगितलं आणि आजही सांगतो.

ग्रंथपालानं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं ही आपल्या तारखेतही जुनी गोष्ट आहे. 'तहजीब-उल-अखलाक' लिहिणारे इब्ने मिस्कवैह हे आपल्याला अखलाकवर लिहिणारे विद्वान म्हणून माहीत असतात. ते पेशानं ग्रंथपाल होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रै शहरातले वजीर इब्नुल अमीद यांचा कुतुबखाना त्यांच्या ताब्यात होता. इ.स. ९६६ च्या सुमारास शहरात दंगल झाली आणि वजिराचं घर लुटलं गेलं. वजिरांना चिंता होती ती पुस्तकांची. मिस्कवैह यांनी सांगितलं की पुस्तकांना कुणाचा हात लागला नाही. ते ऐकून वजिरांचा जीव भांड्यात पडला, कारण बाकी सगळं पुन्हा मिळवता येत होतं. हा प्रसंग मिस्कवैह यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. हेच मिस्कवैह पुढं अजदुद्दौला या बादशहाच्या नोकरीत गेले. मालक बदलला म्हणून त्यांची पहिली राखण कमी ठरत नाही. पुस्तकं सलामत होती, ही त्यांची वफा.

आपल्या देशातलं उदाहरण तर आमच्या शिक्षकी पेशातलंच आहे. डॉ. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या शांत खोलीत त्यांचा जीव रमेना, परत शिकवायला जावं असं त्यांना वाटू लागलं. मग ते इंग्लंडला ग्रंथालयशास्त्र शिकायला गेले आणि त्यानंतर याच कामाचे झाले. वीस वर्षं मद्रासला काढून १९४५ साली ते बनारसला गेले, तिथून दिल्ली विद्यापीठात. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट, तो आज आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. ते मद्रासलाच थांबले असते तर बनारस आणि दिल्लीच्या विद्यार्थ्यांचं काय झालं असतं, याचाही विचार करावा.

बैठकीत शेवटी ठरलं की दाखला त्याच आठवड्यात द्यायचा. सही चाचांनीच केली. आपांनी आपल्याकडून एक शब्द दिला, की वाचनालय मोजून, लिहून, हातात देऊनच जाईन.

तो महिना पाहण्यासारखा होता. पुस्तक पडताळणी सुरू झाली. आम्ही आणि नववी-दहावीची मुलं रोज संध्याकाळी मगरिबपर्यंत मदतीला जात होतो. एक जण रजिस्टरातला नंबर वाचायचा, दुसरा कपाटातलं पुस्तक दाखवायचा, तिसरा खूण करायचा. जी पुस्तकं सापडली नाहीत त्यांची यादी झाली, दोनशेहून जास्त. आपांनी कुणाचं नाव चव्हाट्यावर आणलं नाही. यादी मुलांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घरातल्या कपाटात, पलंगाखाली, नानीच्या पेटीत बघा." पुस्तकं यायला लागली. एक पुस्तक तर शारजाहून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून आलं. ते सात वर्षांपूर्वी इथून गेलं होतं. त्यात विमानाचं जुनं बोर्डिंग कार्ड खूण म्हणून ठेवलेलं होतं.

फाटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं वेगळी काढून बाद करण्यासाठी कमिटीपुढे ठेवली. देवघेवीची वही, वर्गणीच्या पावत्या, अनुदानाची फाईल, तपासणीचे जुने अहवाल, सगळं क्रमानं लावलं. कपाटाच्या कुठल्या किल्लीला कुठली चिठ्ठी हेही लिहिलं. शेवटच्या दिवशी दोन प्रतींवर सह्या झाल्या. एक प्रत कमिटीकडे, एक आपांकडे. आपल्याकडे अमानत हा शब्द आपण पैशासाठी नाहीतर दागिन्यांसाठी वापरतो. आमच्या मुलांनी त्या महिन्यात पुस्तकांची अमानत कशी परत करतात ते पाहिलं. वर्गात वर्षभर सांगूनही हे इतकं समजलं नसतं.

आता राहिला चाचांचा प्रश्न, की पुढं वाचनालय चालवायचं कुणी. जागेसाठी एक तरुण मुलगी आली. तिची बारावी झाली आहे आणि ती ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स करणार आहे. तिला उर्दू वाचता येत नाही, पण प्रत्येक नाव देवनागरीतही असल्यामुळे पहिल्या दिवसापासून तिचं काम अडलं नाही. पगाराचं मात्र आम्ही आधीच बोलून घेतलं. अनुदानावर सगळं सोडायचं नाही. मोहल्ल्यातली पन्नास घरं महिन्याला शंभर रुपये देतील, आणि ती रक्कम फक्त पगारात जमा होईल, असा ठराव झाला. पहिली पन्नास नावं दोन जुम्यांत पूर्ण झाली. दुबईहून चाचांच्या थोरल्यानं वर्षाचे पैसे एकदम पाठवले.

आपा नव्या गावी रुळल्या आहेत. तिथं संगणकावर सगळी नोंद आहे आणि हाताखाली दोन माणसं आहेत. मुलं तिथल्याच शाळेत जातात. त्या कॉलेजात आपल्या मोहल्ल्याच्या तीन मुली यंदा शिकायला गेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना ग्रंथालयाचं कार्ड मिळालं आणि बसायला जागाही.

वाचणाऱ्या बहिणींना आणि भावांना आमचं सांगणं एवढंच. तुमच्या गावात, मोहल्ल्यात एखादं वाचनालय असेल तर एकदा तिथं जा. जो माणूस तिथं बसतो त्याला काय मिळतं ते कमिटीला विचारा. दाखल रजिस्टर शेवटचं कधी तपासलं तेही विचारा. तो माणूस राहावा असं वाटत असेल तर त्याच्या राहण्याची सोय आत्ताच करा. आणि तरीही एक दिवस त्याला जावंसं वाटलं, तर त्याचा दाखला वेळेवर द्या. त्याच्या घरी मिठाई पाठवा, जशी आपण कुवेतला निघालेल्या मुलाच्या घरी पाठवतो.