चूक दिसते तिथे नसते

वेबसाइट बनवण्याची पीएचपी ही भाषा शिकू लागलेल्या माणसाला छळणाऱ्या अडचणींची यादी काढली तर ती फार लांब होत नाही. पान उघडले की पांढराफटक पडदा. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. घरच्या संगणकावर नीट चाललेली वेबसाइट होस्टिंगवर चढवली की बंद. फॉर्म भरला जातो, पण डेटाबेसमध्ये नोंद पडत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले असोत, की नोकरी सांभाळून संध्याकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासला बसणारा माणूस असो, सगळ्यांच्या वाट्याला हेच प्रश्न येतात. गुळाच्या व्यापाऱ्याला, चपलांच्या दुकानदाराला किंवा हुपरीच्या चांदी कारागिराला पहिली वेबसाइट करून देणारा पुष्कळदा असाच नवशिका असतो, म्हणून हे प्रश्न वर्गापुरते राहत नाहीत, कोणाच्या तरी धंद्यात जाऊन बसतात. प्रश्न ओळखीचे आहेत, उत्तरेही ओळखीची आहेत. तरी तोच मुलगा त्याच जागी पुन्हा पुन्हा का अडतो? माझ्या मते याचे कारण एका सवयीत आहे. चूक जिथे दिसली तिथेच ती झाली असे धरून तो तिथला कोड बदलू लागतो. कोडमधली चूक बहुतेक वेळा जन्मते एका जागी आणि उघडी पडते दुसऱ्या जागी. उघडी पडलेल्या जागेपासून जन्माच्या जागेपर्यंत मागे चालत जाणे हे या कामातले खरे कसब आहे, आणि नवशिक्याला पहिल्यांदा शिकवायचे तर तेच.

सगळ्यात साधा पुरावा सेमीकोलनचा. चौदाव्या ओळीच्या शेवटी तो राहिला, तर पीएचपी तक्रार करते पंधराव्या ओळीवर. यात तिचे काही चुकत नाही. चौदावी ओळ संपली हे सांगणारी खूण मिळाली नाही म्हणून ती पुढे वाचत गेली आणि पंधराव्या ओळीचा पहिला शब्द तिला तिथे बसेना. संदेशात आलेला ओळ क्रमांक म्हणजे वाचन थांबले ती जागा. नवशिका मात्र पंधरावी ओळ दहा प्रकारे लिहून पाहतो आणि प्रत्येक वेळी तोच संदेश आल्यावर हताश होतो. महिरपी कंस मिटायचा राहिला तर हे अंतर आणखी वाढते. कंस सुरू झाला वर कुठेतरी, पण जुन्या आवृत्त्यांत तक्रार यायची फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर, जिथे बहुधा काहीच लिहिलेले नसते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८ पासून कोणत्या ओळीवरचा कंस उघडा राहिला तेही संदेशात सांगितले जाऊ लागले. भाषा घडवणाऱ्यांनाही हे अंतर कमी करावेसे वाटले, ही गोष्ट माझ्या म्हणण्याला बळ देणारी आहे.

दुसरा पुरावा ‘हेडर आधीच पाठवले गेले’ या संदेशाचा. पीएचपी हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तो कधी ना कधी पाहिलेला असतो. ब्राउझरला पानाचा मजकूर जाण्याआधी त्या पानाविषयीची माहिती, म्हणजे हेडर, जाते. कुकी, सेशन, दुसऱ्या पानाकडे वळवणे हे सारे त्या माहितीत येते. मजकुराचे एक अक्षर जरी आधी निघून गेले तरी ही माहिती मागाहून पाठवता येत नाही. संदेशात दोन जागा दिलेल्या असतात. शेवटी येते ती अडल्याची जागा, आणि कंसात येते ती मजकूर कुठून निघाला त्या फाइलचे नाव व ओळ. नवशिका शेवटची जागा वाचतो आणि कंस सोडून देतो, खरे उत्तर मात्र त्या कंसातच असते. तिथे पाहिले तर पीएचपी कोडच्या सुरुवातीच्या खुणेआधीची एखादी रिकामी ओळ सापडते, किंवा शेवटच्या खुणेनंतर पडलेली एखादी मोकळी जागा. कधी तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तेव्हा होते. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर एएनएसआय पद्धतीने साठवला तर त्याची प्रश्नचिन्हे व्हायची, म्हणून यूटीएफ-८ निवडावे लागे, आणि ते निवडले की नोटपॅड फाइलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालत असे. ते बाइट मजकूर म्हणून आधीच निघून जात, आणि मराठी नीट दिसावे म्हणून केलेल्या योग्य कृतीतून सेशनवर चालणारे लॉगिनचे पान बंद पडायचे. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये नोटपॅडची ही सवय बदलली, पण जुन्या फाइली आणि जुने संगणक अजून वापरात आहेत. लॉगिनचा कोड कितीही वेळा नव्याने लिहिला तरी ही चूक जाणार नाही, कारण ती कोडमध्ये नाहीच, फाइल साठवण्यात आहे.

मराठी अक्षरांचा प्रश्न आणखी खोल जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण काना, मात्रा, उकार आणि हलन्त धरून त्यात नऊ चिन्हे आहेत. पीएचपीचे साधे स्ट्रलेन फंक्शन त्याची लांबी २७ सांगते, एमबी-स्ट्रलेन ९ सांगते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, एक बाइट मोजते आणि दुसरे चिन्हे. बातमीचा मथळा पन्नासावर तोडायचा म्हणून साधे सबस्ट्र वापरले तर एखाद्या चिन्हाचे दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे राहतो आणि मथळ्याच्या टोकाला काळा चौकोन उमटतो. नवशिक्याला वाटते फॉन्ट बिघडला, आणि तो फॉन्ट बदलत बसतो. डेटाबेसमधून येणाऱ्या मजकुराचेही तसेच. पानावर युरोपीय अक्षरांची विचित्र माळ दिसली तर बाइट बहुधा शाबूत असतात, वाचणारा ते चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. प्रश्नचिन्हे दिसली तर आधी प्रत्यक्ष तक्ता उघडून पाहावे लागते. तक्त्यात मराठी नीट असेल तर दोष जोडणीच्या कॅरेक्टर सेटमध्ये आहे. तक्त्यातच प्रश्नचिन्हे साठली असतील तर मूळ मजकूर गेला, तो कोणत्याही कोडने परत येत नाही. पानावर दोन्ही वेळा बिघाड सारखाच दिसतो, उपाय मात्र अगदी वेगळे. चूक दिसली तिथेच हात घालणाऱ्याला हा फरक कधी कळत नाही.

घरी चालते आणि होस्टिंगवर चालत नाही, हे गाऱ्हाणेही याच जातीचे. विंडोज फाइलच्या नावातली लहान-मोठी रोमन अक्षरे एकच मानते, लिनक्स वेगळी मानते, आणि होस्टिंग बहुधा लिनक्सवर असते. कॉन्फिग नावाच्या फाइलचे पहिले अक्षर मोठे ठेवून कोडमध्ये लहान लिहिले तर घरी काहीच कळत नाही, सर्व्हरवर फाइल सापडत नाही. मागच्या बॅचच्या प्रोजेक्टमधून घेतलेला मायएसक्यूएल-कनेक्ट हा जुना जोडणीचा प्रकार २०१३ च्या ५.५ आवृत्तीत कालबाह्य ठरवला गेला आणि २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकला गेला. असे फंक्शनच नाही, असा संदेश आला की मुलगा स्पेलिंग तपासतो. दोष स्पेलिंगमध्ये नसतो, शिकण्याचे साहित्य आणि सर्व्हर यांच्यात गेलेल्या वर्षांत असतो. वेळेचेही तसेच. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. पहाटे पाचला आलेली गुळाची ऑर्डर आदल्या दिवशी रात्री साडेअकराची म्हणून नोंदली जाते आणि रोजच्या हिशोबाचा मेळ बसत नाही. हिशोबाच्या पानावर बेरजेचा कोड कितीही तपासा, तो बरोबरच असतो.

काही चुका तर माणसाने भरलेल्या माहितीच्या रूपाने येतात. मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोणी पिनकोड देवनागरी अंकांत भरला, तर पीएचपी त्याला संख्या मानत नाही आणि आकड्यात बदलताना त्याचे शून्य होते. आपल्या माणसाने आपल्या लिपीत आकडा लिहिला यात त्याची चूक नाही. ते अंक आत घेतानाच बदलून घेण्याची सोय ठेवली नाही, चूक ती. तसेच गोव्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या डिसोझा आडनावाचे. रोमन लिपीत त्यात कधी एक वरचा स्वल्पविराम येतो, आणि माहिती डेटाबेसला हुकूम देणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्यात थेट जोडलेली असेल तर त्या चिन्हापाशी वाक्य तुटते. नवशिका ते चिन्ह गाळून टाकतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. प्रत्यक्षात त्या आडनावाने त्याला फार मोलाचा इशारा दिलेला असतो. बाहेरून आलेली माहिती आणि आपला हुकूम एकाच वाक्यात मिसळलेले आहेत, आज त्यामुळे सज्जन ग्राहकाची नोंद अडली, उद्या याच फटीतून कोणी अख्खा तक्ता पुसून टाकील. हुकूम आधी तयार ठेवून माहिती त्याला वेगळी देण्याची रीत पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या दोन्हींत अनेक वर्षांपासून आहे. चिन्ह गाळणाऱ्याला तिची गरजच कळत नाही.

या सगळ्याहून घातक सवय चूक गप्प करण्याची. ओळीच्या आधी ॲटचे चिन्ह लावले की इशारे दिसेनासे होतात. वर एका ओळीत एरर रिपोर्टिंग शून्य केले की पान स्वच्छ होते. हेडरचा संदेश आला की आउटपुट बफरिंग सुरू करून तो घालवता येतो. बफरिंगचे स्वतःचे योग्य उपयोग आहेत, पण कारण न शोधता ते लावणे म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या फिटरने इंजिनाचा ठोका ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घालण्यासारखे आहे. ग्राहकांसमोर चुकांचे संदेश झळकू नयेत हे खरेच, कारण त्यांतून फाइलींचे मार्ग आणि डेटाबेसचे तपशील उघडे पडतात. त्यासाठी पडद्यावरचे संदेश बंद करून ते एरर लॉगमध्ये लिहून घ्यायचे असतात. पांढरा पडदा पाहून घाबरलेल्या मुलाला होस्टिंगवरचा हा लॉग कुठे असतो एवढे दाखवून दिले, तरी त्याची अर्धी वाट सरते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. दुकानाची वेबसाइट बंद आहे, मालक फोनवर फोन करतो आहे, अशा वेळी मूळ शोधत कोण बसणार? आक्षेप खरा आहे. पण त्यावरचे उत्तर अंदाजाने चालू साइटवर कोड बदलणे हे नव्हे. कालची चालती प्रत परत चढवावी, साइट उघडावी, आणि बिघडलेली प्रत बाजूला घेऊन तपास करावा. बॅकअप ठेवणाऱ्याला घाई आणि तपास यांतून एक निवडावे लागत नाही. शिवाय अंदाजाचे बदल वाचवतात त्याहून जास्त वेळ खातात, कारण दहा बदलांनंतर मूळ चूक कोणती आणि आपण घातलेली कोणती हे ओळखता येत नाही. एका वेळी एकच बदल, आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घेणे, ही शिस्त संथ वाटते, पण पोचवते लवकर.

दुसरा आक्षेप आजचा आहे. कोड चिकटवला की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात उत्तर देतात, मग हे मागे चालणे कशाला? ही साधने उपयोगी आहेत, शिकणाऱ्याने ती जरूर वापरावीत. पण त्यांना दिसते ते आपण दाखवतो तेवढेच. फाइलच्या आरंभीचे तीन अदृश्य बाइट, होस्टिंगवरची आवृत्ती, तक्त्याचा कॅरेक्टर सेट, फाइलच्या नावातले मोठे अक्षर, यांतले काहीच चिकटवलेल्या कोडमध्ये नसते. ज्याने बिघडलेल्या पानाचाच कोड दाखवला त्याला त्या पानाचेच उत्तर मिळते. पूर्ण संदेश, कंसातली फाइल आणि सर्व्हरची आवृत्ती ज्याने पुढे ठेवली, त्याचे उत्तर पुष्कळदा विचारतानाच त्याच्या ध्यानात येते. योग्य प्रश्न विचारायला तपास आधी करावाच लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाला हे इंग्रजी संदेश वाचायला सांगणे अन्यायाचे नाही का? अडचण खरी आहे, आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र या संदेशांची इंग्रजी ही साहित्याची इंग्रजी नव्हे. अनपेक्षित, अपरिभाषित, अपेक्षित, नाकारले, सापडले नाही, अशा मोजक्या शब्दांवर ती उभी आहे, आणि प्रत्येक संदेशाची ठेवणही ठरलेली असते: प्रकार कोणता, काय घडले, कोणती फाइल, कितवी ओळ. एवढे मराठीत समजावून दिले तर शब्दसंग्रह आड येत नाही. संदेश पाहताच खिडकी बंद करण्याची भीती आड येते, आणि ती घालवणे शिक्षकाचे काम आहे. आणखी कोणी म्हणेल, दोष प्रोग्रामिंगच्या भाषेचाच, पीएचपी सैल आहे, दुसरी भाषा शिका. ती बराच काळ सैल होती, हे मान्य. किंमत न दिलेल्या व्हेरिएबलवर ती पूर्वी नुसती सूचना देई, पीएचपी ८ पासून इशारा देते. अक्षरे आणि शून्य यांची तुलना पूर्वी खरी ठरे, आता ठरत नाही. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ती आणि असंख्य छोट्या साइटींचा आधार असलेले वर्डप्रेस, दोन्ही पीएचपीतच लिहिलेली आहेत. भाषा बदलली तरी मागे जाऊन शोधण्याची गरज बदलत नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मुलाने अडलेला कोड आणला तर दुरुस्त ओळ लगेच हातात देऊ नका. संदेश मोठ्याने वाचायला सांगा, कंसातली फाइल उघडायला सांगा, शेवटचे चालत होते तेव्हापासून काय बदलले ते विचारा, आणि मगच बोला. परीक्षेत चालता प्रोग्राम लिहून घेता तसा बिघडलेला प्रोग्राम देऊन त्याचे कारण लिहायलाही सांगा, कारण नोकरीत आणि धंद्यात त्याला बहुतेक वेळ तेच करायचे आहे. आणि शिकणाऱ्याला सांगणे एवढेच: चूक सुटली की लगेच पुढे जाऊ नका. ती कुठे दिसली आणि कुठे निघाली, या दोन जागा वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. ती वही भरत गेली की तुमच्या हाताखालची वेबसाइट कोणाच्याही धंद्याला विश्वासाने देता येईल.