यंत्र दिसते, पण बोलत नाही

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी पुण्याचा संगणक जीएमआरटी दुर्बिणीच्या साहाय्याने जलद रेडिओ स्फोटांच्या अभ्यासासाठी आहे, ही बातमी वाचून माझ्या भाचीने त्या दिवाळीत हट्टच धरला, “मावशी, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दे ना!”

हट्ट रास्त होता. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही प्रणाली आज ना उद्या शिकावीच लागते.

अडचण एवढीच, की रायपूरच्या चौबे कॉलनीतील त्या घरी लॅपटॉप एकच होता आणि त्यातील विंडोजमध्ये ताईच्या फराळ-व्यवसायाचे तीन वर्षांचे हिशेब होते. म्हणून विंडोजमधूनच थोडी जागा मोकळी केली आणि तिच्या शेजारी लिनक्स बसवले. बसले निर्विघ्न, मात्र वाय-फाय कुठेच दिसेना.

“सगळं पुसून पुन्हा टाकू या का?” भाचीने विचारले. मी तिला थांबवले. प्रयोगशाळेत संकेत मिळेनासा झाला, तर आपण उपकरण फेकून देत नाही. साखळी नेमकी कोठे तुटली ते शोधतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली, तेव्हा यादीत वाय-फाय चिपचे नाव आले. म्हणजे यंत्र जिवंत होते, कर्नलला ते दिसतही होते. परंतु दोघांमधला दुभाषा, म्हणजेच ड्रायव्हर, नव्हता. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलसोबतच येतात. या चिपचा आला नव्हता. फोन यूएसबी तारेने जोडून इंटरनेट मिळवले, ड्रायव्हरचा स्रोत उतरवला आणि तो तेथेच संकलित केला. तो सुरू करताच नवा संदेश आला: कळ नाकारली गेली.

या संदेशातच निदान होते. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअर केवळ स्वाक्षरी असलेल्या प्रणालीलाच आरंभ करू देते आणि कर्नलही स्वाक्षरीविना आलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. आमच्या घरगुती ड्रायव्हरवर कोणाची स्वाक्षरी असणार? अशा वेळी ‘सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. माझा हातही तिकडे गेला होता. पण विंडोजचा भाग बिटलॉकरने कुलूपबंद होता. आरंभाची स्थिती बदलली, की बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागू शकतो, आणि ती कळ घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ती नसती, तर ताईचे हिशेब डिस्कवर असूनही कायमचे हरवले असते.

संशोधक विद्यार्थिनी असताना मी घाईत चुकीचे विभाजन पुसून दोन आठवड्यांची मोजमापे गमावली होती. तरीही येथे पहिली पायरी माझ्याकडून राहिलीच होती. आम्ही पुन्हा विंडोजमध्ये गेलो, ते ४८ अंक ताईच्या ऑर्डरींच्या वहीत उतरवले आणि हिशेबांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. त्यानंतरच स्वतःची कळ तयार करून ड्रायव्हरवर तिची स्वाक्षरी केली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर ती कळ संगणकाकडे नोंदवली. सिक्युअर बूट चालूच राहिले आणि वाय-फायही सुरू झाले.

मग लिनक्सच्या निवडसूचीतून प्रथमच विंडोज उघडायला गेलो. आरंभाचा मार्ग बदलला होता. विंडोजने ४८ अंक मागितलेच! ताईने वही उघडून एकेक अंक वाचला, भाचीने टंकला. हिशेब जागच्या जागी होते.

विद्यार्थीमित्रहो, दोन प्रणाली शेजारी नांदवायच्या असतील, तर आधी पुनर्प्राप्ती-कळ कागदावर लिहा आणि फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. त्रुटीचा संदेश दिसला, तर तो पुसण्याची घाई करू नका. शब्दशः उतरवून घ्या. कर्नल काय म्हणतो ते ‘डीमेसेज’ या आज्ञेने पाहता येते.

ताईच्या वहीत आता चकलीच्या ऑर्डरीखाली ते ४८ अंक आहेत. त्यांच्याखाली भाचीने तो नकाराचा संदेश, तारीख आणि उपाय लिहून ठेवला आहे. तिची ही पहिली प्रयोगनोंद.