मुरांब्यांतील गोळी

औषध आणि गोड पदार्थ यांची सोबत आपल्या घरांतून फार जुनी आहे. चूर्ण मधांत कालवून चाटविणें, काढ्यामागून गुळाचा खडा हातावर ठेवणें, हे प्रकार आपणां सर्वांच्या बाळपणीं होऊन गेले आहेत, आणि त्यांत कोणीं कोणास फसविलें असें आपण मानीत नाहीं. आम्हीं उभयतांनीं आमच्या मुलाला जवळजवळ दोन वर्षें रोज सकाळीं मुरांब्यांतून एका गोळीची पूड दिली, तेव्हां आम्हांसही तसें वाटलें नव्हतें.

मुलगा सातव्या वर्षांत असतां शाळेंतून चिठ्ठ्या येऊं लागल्या. तो जागेवर बसत नाहीं. प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देतो. उत्तर अर्धें लिहून खिडकीशीं जाऊन उभा राहतो. घरीं या साऱ्यास 'अवखळपणा' असा एक प्रेमळ शब्द होता. डॉक्टरांनीं त्यास दुसरा शब्द दिला : अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे आज ज्यास सर्वत्र 'एडीएचडी' म्हणतात तें. प्रथम सहा महिने त्यांनीं औषध दिलें नाहीं, आम्हांसच शिकविलें. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, कामाचे लहान तुकडे करावे, शाबासकी तेथल्या तेथें द्यावी. त्याचा उपयोग झाला, पण पुरता नाहीं. तेव्हां मेथिलफेनिडेट या औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. "अरे, लेंकरूं म्हटलें कीं तें उड्या मारणारच. डोक्याचीं औषधें कसलीं देतां त्याला?" असें म्हणून त्याच्या आजीनें डोळ्यांस पदर लाविला.

हें औषध १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादींत असल्यामुळें तें चिठ्ठीवांचून मिळत नाहीं, आणि पुष्कळ दुकानदार तें ठेवीतही नाहींत. पहिल्या वेळीं आम्ही पुण्यांत चार दुकानें हिंडलों. चौथ्या दुकानांतील गृहस्थांनीं चिठ्ठीवरील मुलाचें वय वाचलें, चष्म्यावरून आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पाकीट पुढें केलें. ती नजर आम्हांस फार लागली. घरीं येतां येतां आमचें ठरलें कीं शेजारीं कांहीं बोलावयाचें नाहीं, आणि मुलासही नाहीं.

या औषधाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनीं वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. त्यांपैकीं १४ जणांचें शाळेंतील काम स्पष्टपणें सुधारलें. उत्तेजकानें मूल स्थिर व्हावें हेंच नवल! मेथिलफेनिडेट हें त्याच जातीचें औषध १९४४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें प्रथम तयार झालें. ब्रॅडली यांच्या मुलांनीं आपल्या गोळ्यांस 'गणिताच्या गोळ्या' असें नांव ठेविलें होतें, असें सांगतात. ही गोष्ट आम्हीं वाचली तेव्हां तिच्यांतील मर्म आमच्या ध्यानीं आलें नाहीं. नांव ठेवावयास ती वस्तु आपण घेतों आहों हें आधीं ठाऊक असावें लागतें.

गोळीचा गुण आला. अंमल चार तासांचा, पण त्या चार तासांत वहीचें पान भरूं लागलें. त्याबरोबर दुपारचा डबाही न उघडतां परत येऊं लागला, आणि तीन महिन्यांत पाऊण किलो वजन उतरलें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून भरपेट न्याहारीनंतर गोळी देऊं लागलों, संध्याकाळीं भूक परतली कीं जेवण वाढूं लागलों, आणि उंची, वजन, नाडी, झोंप यांची एक वही घातली. या वहीचें महत्त्व आमच्या कल्पनेबाहेरचें होतें. १९९९ सालीं अमेरिकेंत ५७९ मुलांवरील १४ महिन्यांच्या एका मोठ्या प्रयोगाची हकीगत प्रसिद्ध झाली. तींत नेहमींच्या दवाखान्यांकडे सोंपविलेल्या मुलांपैकीं बहुतेकांस औषध मिळतच होतें. तरी जेथें दरमहा भेट घेऊन, शिक्षकांस विचारून, मात्रा जुळवून तें दिलें, तेथील मुलें अधिक सुधारलीं. औषध देणें सोपें. पाहत राहणें कठीण.

रविवारीं, डॉक्टरांच्या संमतीनें, गोळीस सुट्टी असे. एका रविवारीं आमच्याकडे कांहीं मोठीं माणसें जेवावयास यावयाचीं होतीं. त्यांच्यादेखत मुलानें घर डोक्यावर घेऊं नये, एवढ्याचसाठीं आम्हीं सकाळीं चमच्याच्या पाठीनें गोळी चुरली. तो स्वयंपाकघराच्या दारांत उभा होता. म्हणाला, "आई, आज तर शाळा नाहीं."

तें त्याला कित्येक महिन्यांपासून ठाऊक होतें. मुरांबा कडवट लागला कीं थोड्या वेळानें डोकें शांत होतें, हा हिशेब त्यानें स्वतःच मांडला होता, आणि आम्हांस वाईट वाटूं नये म्हणून तो तो मुकाट्यानें खात होता! आम्ही घाईनें म्हणालों, "अरे, तें चष्म्यासारखें आहे. डोळ्यांना चष्मा, तशी लक्षाला गोळी." त्यानें क्षणभर विचार केला. "पण बाबा, चष्मा कोणी मुरांब्यांत लपवून देत नाहीं."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवशींची वाटी आम्हीं बाजूस सारली. पाहुण्यांनीं त्याच्या उड्या पाहिल्या, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. रात्रीं अंथरुणावर बसून गोळीचें नांव, तिचें काम, भूक कां जाते, सारें त्याला सांगितलें. त्यानें एकच विचारलें, "मग परीक्षेंत पेपर कोणीं लिहिला? मीं का गोळीनें?" आम्ही म्हणालों, "गोळीनें तुला खुर्चीवर बसविलें. लिहिलेंस तूं." हें उत्तर त्यास पूर्ण पटलें असें नाहीं, आम्हांसही तें पूर्ण सुचलें होतें असें नाहीं.

आतां तो अकरा वर्षांचा आहे. गोळी पाण्याबरोबर घेतो, आणि वहींत त्याचा एक स्वतंत्र रकाना आहे. गेल्या पावसाळ्यांत, मात्रा वाढविल्यानंतर, त्यानें लिहिलें : "गणित बरें गेलें. डबा उरला. दिवसभर एकही गोष्ट सुचली नाहीं." तो गोष्टी रचतो हें आमच्या वहींत कोठेंच नव्हतें, उंची, वजन, नाडी एवढेंच आम्ही मोजीत होतों. तीं पानें आम्हीं डॉक्टरांपुढें ठेविलीं. त्यांनीं आमच्याशीं नव्हे, त्याच्याशीं बराच वेळ बोलून मात्रा पूर्वींइतकी केली.

गणित थोडें मागें आलें आहे. गोष्टी परत आल्या कीं नाहीं, हें तो आपल्या रकान्यांत लिहील तेव्हां कळेल. आम्ही विचारीत नाहीं. मुरांबा मात्र त्यानें अजून तोंडास लाविलेला नाहीं.