दोन गाड्या आणि एक फाईल

गेल्या वर्षी रमजानच्या पंधरा दिवस आधी अब्बांना घशाचा कर्करोग असल्याचे कळले. उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ठरले. सोमवार ते शुक्रवार किरणोपचार, असे सात आठवडे. आम्ही माजलगावचे. आठवडाभर खालाकडे राहायचे आणि शुक्रवारी घरी परतायचे, असे ठरवले. पहिल्या दोन आठवड्यांच्या फेऱ्या एसटीने केल्या. दुसऱ्या शुक्रवारी परतताना गेवराईच्या अलीकडे अब्बांना पाण्याचा घोटही गिळवेना. बसमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर डोके टेकवले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या रात्री मी अम्मीला म्हणाले, "गाडी घेऊ या."

हाताशी माझ्या भिशीचे पैसे होते आणि अम्मीने काढून दिलेल्या दोन बांगड्या. सगळे मिळून सहा लाख. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. त्यामुळे नव्या गाडीचा प्रश्नच नव्हता. जुनीच घ्यायची, पण वाटेत दगा न देणारी. आणि थोडी उंच. उसाच्या हंगामात समोरून दुहेरी ट्रॉल्या येतात, तेव्हा गाडी साइडपट्टीवर उतरवावी लागते. शिवाय उंच सीटवर अब्बांना वाकून बसावे लागले नसते.

भावाने दोन गाड्या शोधल्या. दोन्ही 2017 च्या, दोन्ही डिझेल, दोन्ही पाच जणांच्या. एक मारुतीची विटारा ब्रेझा, दुसरी फोर्डची इकोस्पोर्ट. ब्रेझाचे पावणेसहा लाख, इकोस्पोर्टचे सव्वाचार.

दीड लाखाचा फरक का, ते आमच्या मिस्त्रीचाचांनी समजावले. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू असे कंपनीने सांगितले, तरी गिऱ्हाईक बिचकते आणि भाव पडतो. ब्रेझाचे तसे नाही. तिचे 1248 सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत होते. 2020 मध्ये मारुतीने डिझेल बंद केले, पण त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री तालुक्या-तालुक्यात आहेत. शिवाय त्यात टायमिंगची साखळी आहे. इकोस्पोर्टच्या दीड लिटर डिझेलमध्ये पट्टा आहे. तो मुदतीत बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला, तर इंजिनाचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते.

"मग ब्रेझाच," भाऊ म्हणाला. मलाही पटले. रात्री-अपरात्री गढी फाट्यावर गाडी बंद पडली, तर जिची नस कुणालाही ठाऊक आहे तीच बरी.

ब्रेझा पाहायला आम्ही बीडला गेलो. पांढरीशुभ्र, नुकतीच पॉलिश केलेली. मीटरवर 64,000 किलोमीटर. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. चाचांनी भुवया उंचावल्या. "थंड इंजिन सुरू होताना काय धूर सोडते, ते बघायचे असते ताई. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी आत जात असेल." त्यांनी बॉनेटचे नट पाहिले, टायरवरचा चार आकडी शिक्का पाहिला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत झाले होते.

मी चालकाच्या बाजूचे दार उघडून उभी होते. दाराच्या चौकटीत खाली, धुळीने माखलेले एक स्टिकर दिसले. ओढणीच्या टोकाने पुसले. ऑइल बदलल्याचे होते ते. पुढचे ऑइल 1,12,000 किलोमीटरला.

विकणाऱ्याला विचारले, तर म्हणाला, "दुसऱ्या गाडीचे चिकटले असेल." कुणी काही बोलले नाही. आम्ही सलाम करून निघालो.

इकोस्पोर्ट एका निवृत्त मास्तरांची होती. मीटरवर 91,000 किलोमीटर. त्यांनी आधी चहा दिला, मग एक फाईल पुढे ठेवली. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिले त्यात होती. आम्ही विचारायच्या आत तेच म्हणाले, "टायर या पावसाळ्यापर्यंतच चालतील. पट्टा अजून बदललेला नाही, तो आता बदलून घ्या. आणि मागच्या डाव्या दाराला एकदा ट्रॅक्टर घासला होता, ते रंगकाम आहे." चाचांनी तासभर शोधले. मास्तरांनी सांगितलेल्यापेक्षा वेगळे काही सापडले नाही.

भाऊ अजून साशंक होता. पण चाचा म्हणाले, "उरलेल्या पैशातून पट्टा बदला, टायर बदला, तरी लाख रुपये शिल्लक राहतील. ते गाडीसाठीच ठेवा."

आम्ही तसेच केले. परिवहनच्या वेबसाइटवर गाडीवर बँकेचा बोजा नसल्याची खात्री केली. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. विमाही चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करायला दिला. हे बऱ्याच घरांत राहून जाते आणि अपघात झाला की भांडण उभे राहते. आधीच्या मालकाची बोनसची सवलत मात्र आपल्याला मिळत नाही, तेवढे हिशेबात धरावे.

बहिणींनो, मी इकोस्पोर्टच घ्या असे सांगत नाही. दोन्ही गाड्या सारख्याच जपलेल्या असत्या, तर आपल्या जिल्ह्यात मी ब्रेझाच घेतली असती. दीड लाख जास्त देऊनही. जिचा मिस्त्री जवळ, तिचा भरवसा जास्त. पण जुनी गाडी घेताना कंपनीबरोबर आधीच्या मालकाची सात-आठ वर्षेही आपण विकत घेतो. ती वर्षे मास्तरांनी फाईलमध्ये लावून ठेवली होती. दुसऱ्याने ती मीटरमधून पुसली होती.

उरलेले पाच आठवडे गाडी विनातक्रार चालली. अब्बा पुढच्या सीटवर थोडी मागे रेलून झोपत. एकदाच पाडळसिंगीजवळ पंक्चर झाले. तेव्हा मी आणि अम्मीने मिळून चाक बदलले आणि अब्बा खाली उतरून बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. त्यांचा आवाज अजून पूर्ण आलेला नाही, पण तांदळाची खिचडी आता खातात. दर दोन महिन्यांनी तपासणीला जातो.

मास्तरांची फाईल आता अब्बा सांभाळतात. पट्ट्याचे बिल लावले, टायरचे लावले. पंक्चरचे बिल नव्हते, म्हणून एका कागदावर तारीख आणि रक्कम स्वतः लिहिली. मी म्हटले, "अब्बा, पंक्चर कशाला?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जो घेईल, त्याला कळायला हवे, बेटा."