पन्नास केबीच्या आत

आमच्या दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म असं सगळं लिहिलं आहे. ‘फोटोचे केबी कमी करून मिळतील’ हे मात्र कुठेच नाही, आणि भरतीचे फॉर्म सुटले की दिवसभर चालतं ते हेच काम. दुकान भाईंदर पश्चिमेला, स्टेशनवरून उत्तनच्या बसकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर. त्यामुळे मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, थेट उत्तनपर्यंतची मुलं-मुली घरी जाता जाता आत डोकावतात, मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, “ताई, पन्नास केबीच्या आत करून द्या ना. घेतच नाहीये.”

न घेणारी असते ती वेबसाइट. बँकभरतीच्या आयबीपीएसचा फॉर्म घ्या. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा 20 ते 50 केबी आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं हमीपत्र 50 ते 100 केबी. मोबाइलमधला साधा फोटो असतो तीन-चार एमबीचा, म्हणजे पन्नास केबीच्या साठ ते ऐंशी पट. मग पोरं डोकं लढवतात. फोटोचा स्क्रीनशॉट काढतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला पाठवतात, तिच्याकडून परत मागवतात, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट. असा दाबून दाबून फोटो पन्नासच्या आत येतो खरा, पण तोवर गालावर चौकोनी ठिगळं दिसायला लागलेली असतात आणि शर्टाच्या कॉलरभोवती धूर जमल्यासारखा वाटतो.

ती ठिगळं उगाच येत नाहीत. जेपीईजी पद्धतीत, म्हणजे ज्या फाइलच्या नावापुढे जेपीजी असतं तिच्यात, चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यात ठळक फरक कुठला आणि बारीक कुठला हे गणिताने वेगळं काढायचं, आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक भाग टाकून द्यायचा. जितकं जास्त टाकाल तितकी फाइल लहान. अती टाकलं की तुकड्यांचे सांधे दिसू लागतात. शिवाय प्रत्येक वेळी नव्याने दाबताना आधीच गाळलेल्यातून आणखी गळतं, आणि गेलेलं परत येत नाही. या सगळ्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासीर अहमद यांचं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा लेख 1974 साली छापून आला आणि 1992 च्या जेपीईजी मानकाचा तो पाया ठरला. अहमद यांनी 1972 मध्ये या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली, अशी आठवण त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. फॉर्म रिजेक्ट झाला म्हणून हिरमुसलेल्या पोरांना मी ही गोष्ट हमखास सांगते.

तर, केबीच्या मागे धावायचं नसतं, आधी पिक्सेल बघायचे असतात. मोबाइलच्या बारा मेगापिक्सेलच्या फोटोत 4000 बाय 3000, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. आयबीपीएसला हवा असतो 200 बाय 230 चा फोटो, म्हणजे फक्त 46 हजार ठिपके. अडीचशेहून जास्त पटींनी कमी! एवढासा फोटो अजिबात न दाबता ठेवला तरी साधारण 135 केबीचा होतो. जेपीईजीत तो पन्नासच्या आत सहज बसतो आणि चेहरा स्वच्छ राहतो. मी आधी क्रॉप करते, खांद्यापर्यंतचा भाग आणि पांढरी पार्श्वभूमी तेवढी ठेवते. मग पिक्सेल कमी करते. क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. विंडोजच्या पेंटमध्ये पहिली दोन कामं होतात. तिसऱ्यासाठी मी गिंप वापरते. ते फुकट आहे आणि प्रीव्ह्यू चालू ठेवला तर सेव्ह करण्याआधीच फाइल किती केबीची होणार ते दाखवतं. स्कॅनरचंही तसंच. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो 200 डीपीआयवर स्कॅन केला तरी 276 बाय 354 पिक्सेल मिळतात, गरजेपेक्षा जास्तच. तरी लोक 600 ला हट्ट धरतात, “क्लिअर येऊ दे.”

फोटोपेक्षा डोकं खाते ती सही. मुर्ध्याची एक मुलगी घाईघाईत आली होती, क्लार्कच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. घरीच पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करून, फोटो काढून, नीट 140 बाय 60 पिक्सेलची करून आणली होती. मोठी हुशार पोर. पण वेबसाइट घेईना, आणि नुसतं ‘अमान्य फाइल’ म्हणत राहिली. तिने आणखी लहान केली. तरी नाही. मी बघितलं तर फाइल चार केबीची. पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ, त्यात साठवायला असतं काय? ती इतकी आकसली की दहा केबीच्या खालीच गेली. “म्हणजे आता मोठी करायची?” तिचा विश्वासच बसेना. मूळ फोटो मागून घेतला, सहीच्या जवळून क्रॉप केला, पिक्सेल तेवढेच ठेवले आणि क्वालिटी वरच्या टोकाला नेली. अकरा केबी. पहिल्याच क्लिकला गेली. आता सही घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, फाइल मोठी आहे म्हणून अडली की लहान आहे म्हणून?

आयफोनवाल्यांचा प्रकार वेगळा. 2017 पासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो. मुलं फाइलचं नाव बदलून पुढे जेपीजी लिहितात आणि वेबसाइट घेत नाही म्हणून चिडतात. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही, ती जेपीजी म्हणून नव्याने सेव्ह करावी लागते. काही जण ‘फोटो लहान करा’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी साइटवर फोटो, सही, अंगठा सगळं चढवून मोकळे होतात. हे मात्र मला अजिबात पटत नाही. ज्या ठशावर तुमची ओळख पटवली जाते, तो परक्याच्या सर्व्हरवर कशाला ठेवायचा? हे काम आपल्याच कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होतं.

मर्यादा असूच नये असं मी म्हणत नाही. मोडेमचा जमाना मी पाहिला आहे. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडायचं. 56 केबीपीएसचा मोडेम सगळं सुरळीत असलं तर सेकंदाला सात केबी आणायचा. पन्नास केबीच्या फोटोला सात सेकंद, आणि आजच्या चार एमबीच्या फोटोला साडेनऊ मिनिटं लागली असती. इंटरनेट वाढलं तसे फोटोही फुगले. समजा दहा लाख उमेदवारांनी ही चारही चित्रं मर्यादेत पाठवली, तर जास्तीत जास्त 220 जीबी होतात; प्रत्येकाने चार-चार एमबीची पाठवली तर 16 टीबी. शिवाय निम्मी गर्दी शेवटच्या रात्री. त्या रात्री पान फिरत राहतं, आणि त्यात लहान फाइलवाला पोरगा आधी सुटतो, हे मी काउंटरवर बसून बघते.

माझं म्हणणं एवढंच की लहान करण्याचं काम उमेदवाराच्या माथी कशासाठी? ब्राउझरमध्येच फोटो कापून, पिक्सेल कमी करून पुढे पाठवणं आज प्रोग्रामरला अवघड राहिलेलं नाही. केंद्र सरकारी भरतीच्या एसएससीने 2024 पासून फॉर्म भरताना तिथल्या तिथे कॅमेऱ्याने फोटो घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी मी दुकानात एक भिंत पांढरी रंगवून घेतली, ट्यूबलाइट समोर आणली. उजेडाची कटकट आहे, पण केबीची गेली. बाकी भरत्यांत मात्र ती आहेच. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. तिथल्याच पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे सही लहान करायला बसतात. धावण्याची परीक्षा त्यांनी द्यावी, पिक्सेलची वेबसाइटने द्यावी. अगदीच जमत नसेल तर ‘अमान्य फाइल’ऐवजी ‘सही 4 केबीची आहे, किमान 10 हवी’ एवढं तरी स्क्रीनवर लिहावं.

तोवर माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे येताना मूळ फोटो आणा, स्क्रीनशॉट नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फॉर्म भरून झाला की दुकानातल्या कॉम्प्युटरवरून आपला फोटो, सही, अंगठा समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.