डोळा कुठे लागावा?

रायपूरला मामांकडे गेले की गप्पा फिरून ट्रकवर येतात. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांतलं लोखंड नागपूर-मुंबईकडे पोचवायचं, हा त्यांचा धंदा. गेल्या मे महिन्यात त्यांना आणखी एक ट्रक घ्यायचा होता. टाटीबंधजवळ दोन वापरलेले ट्रक शेजारी-शेजारी उभे होते. मामा म्हणाले, "तू पत्रकार ना? मग तूच सांग, कोणता घ्यावा!"

पहिला स्वस्त. त्याची केबिन मिस्त्रीने लाकूड-पत्र्याची बांधलेली. पूर्वी बरेच ट्रक कारखान्यातून नुसत्या चासीच्या रूपात निघत. केबिन मालकाने बांधून घ्यायची. सीटमागे एक अरुंद फळी, तिच्यावर पातळ गादी आणि इंजिनाची धग थेट पायांशी.

दुसऱ्याची केबिन कारखान्यातच तयार झालेली. सीटमागे माणूस पाय पसरून झोपेल एवढा बर्थ, शिवाय एसी. १९९८ मध्ये व्होल्वोचे ट्रक आले, २००९ मध्ये टाटांचा प्रायमा आला, तेव्हापासून अशा केबिनची आपल्याकडे ओळख वाढत गेली.

मामांनी हिशेब मांडला. "पहिलाच बरा. ड्रायव्हरला काय, तो कुठेही झोपतो." मलाही ते पटलं.

त्यांचा जुना ड्रायव्हर मुकाट्याने पहिल्या ट्रकमध्ये चढून फळीवर आडवा झाला. त्याचे गुडघे पोटाशी आले. उतरून म्हणाला, "दीदी, माल उतरेपर्यंत दुपारची झोप गाडीतच घ्यावी लागते. या उन्हात फळीवर डोळा लागत नाही. मग तो रात्री स्टिअरिंगवर लागतो."

मामा एकदम गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी राजनांदगावजवळ पहाटे त्यांचा ट्रक दुभाजकावर चढला होता. जीव वाचला, पण दोष सगळ्यांनी ड्रायव्हरलाच दिला. तो आदल्या दिवशी कुठे आणि किती झोपला होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

१९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये एसीही सक्तीचा झाला आहे. पण जुने ट्रक रस्त्यावर आहेतच. तिथे ड्रायव्हरच्या झोपेची काळजी मालकानेच करायची.

मामांनी दुसरा ट्रक घेतला. हप्ता जास्त म्हणून अजून कुरकुरतात. मामी मात्र म्हणते, "कुरकुरू देत. आता पहाटे फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होत नाही."