ऐकणारी पिन

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चाळीस पिनांमध्ये माझा जीव इनपुट पिनवर आहे. आउटपुट पिन दिवा लावते, रिले ओढते. तिचं काम लगेच डोळ्यांना दिसतं. इनपुट पिन नुसती ऐकते. डोंबिवलीत आमच्या इमारतीत ती गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट स्विच ऐकते आणि त्यावर खालचा पंप चालतो.

तिला काहीच जोडलं नाही तर ती गप्प बसेल असं वाटतं. बसत नाही. ३.३ व्होल्ट म्हणजे एक, शून्य व्होल्ट म्हणजे शून्य. पण अधांतरी सोडलेली पिन जिन्यातली ट्यूब, शेजारून गेलेली विजेची तार, जवळ आलेलं बोट, सगळंच ऐकते. पडद्यावर एक-शून्य-एक असं नाचत राहतं आणि आपण प्रोग्रॅम तपासत बसतो. तिला टेकायला, म्हणजे एकवर धरून ठेवायला, पुल-अप रेझिस्टर लागतो. आतला, साधारण ५० किलोओहमचा, एका ओळीत चालू होतो. पण गच्चीवरून उतरलेल्या लांब तारेला तो पुरत नाही. तिथे बाहेरून ४.७ किंवा १० किलोओहमचा लावावा. लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळीत मिळतो, त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायलाही मला आवडतं.

अधांतरी पिन आपली चूक सांगत नाही. पिना वाचणारी लायब्ररी एरर देते, तेव्हा मला उलट हायसं वाटतं. २०२३ मध्ये पाय ५ आला आणि पिनांचा कारभार मुख्य प्रोसेसरकडून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेला. आरपीआय-जीपीआयओ ही जुनी लायब्ररी थेट प्रोसेसरच्या रजिस्टरांशी बोलायची. पाय ५ वर ती जुन्याच पत्त्यावर दार ठोठावते आणि पत्ता सापडत नाही म्हणून तिथेच थांबते. ती काढून आरपीआय-एलजीपीआयओ बसवली की तोच प्रोग्रॅम कर्नलमार्फत पिनेपर्यंत पोचतो. दोन्ही एकत्र ठेवू नयेत, कारण दोघींचं मॉड्यूल एकाच नावाचं. परवानगी नसली तरी एरर येतो, बिघाड कुठे आहे ते कळतं. पण पिनेचा क्रमांक चुकला तर कुणी काही बोलत नाही: बोर्डावरची अकरावी पिन म्हणजे जीपीआयओ १७, आणि जीपीआयओ क्रमांक वापरताना तुम्ही ११ लिहिलंत तर प्रोग्रॅम भलत्याच पिनेला कान लावून सुखात चालतो.

या न बोलणाऱ्या चुकांचं करायचं काय, याचं उत्तर रेल्वेने फार पूर्वी शोधलं. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतून बारीक प्रवाह सतत वाहतो आणि रिले धरून ठेवतो. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात, रिले सुटतो, सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लाल, वीज गेली तरी लाल. पावसात रूळ पाण्याखाली गेले की असं सर्किट गाडी नसतानाही लाल दाखवतं, आणि ठाणे-कल्याणच्या मधे खोळंबलेला डबा वैतागतो. तो वैताग मी भोगलेला आहे, तरीही त्या लाल दिव्याबद्दल मला आदर वाटतो.

म्हणून आमच्या टाकीतला स्विच पाणी कमी झाल्यावर मिटतो, पिन जमिनीशी जोडली जाऊन शून्य होते आणि पंप लागतो. गच्चीत उंदराने तार कुरतडली तर पुल-अप पिनेला एकवर खेचेल आणि पंप लागणारच नाही. सकाळी नळ कोरडे राहतील, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच हाक मारतील. ते चालेल. भरलेली टाकी रात्रभर गटारात वाहत राहिलेली नाही चालायची.